मांजरांची नखे काढण्याची शस्त्रक्रिया आणि पन्नास रुपयांच्या दंडाचा कायदा

कोलकाता : पाळीव मांजरांची नखे शस्त्रक्रियेने कायमची काढून टाकण्यावर बंदी असावी की नाही, हा वाद अमेरिका व कॅनडात गेली वीस वर्षे नगरपालिका, विधिमंडळे आणि न्यायालये यांच्यासमोर चालू आहे. ब्रिटनमध्ये आणि युरोपच्या बहुतेक देशांत तो केव्हाच निकाली निघाला. भारतात मात्र १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात या शस्त्रक्रियेचा नामोल्लेखही नाही. कायद्यातील एका सर्वसाधारण कलमात ती बसते, असे म्हणता येते. पण ते कलम लावायचे ठरवले तर कोणकोणत्या अडचणी येतात, हे फारसे कोणी तपासून पाहिलेले नाही.

प्राणिरक्षणाची देशातील पहिली संस्था कोलकात्यात स्थापन झाली, त्यामुळे हा प्रश्न या शहरापासून मांडणे सोयीचे आहे.

'डीक्लॉइंग' या नावामुळे एक गैरसमज होतो. माणसाची नखे कापावीत तशी ही काही नखे कापण्याची क्रिया नव्हे. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवते. ते पुन्हा उगवू द्यायचे नसेल तर ते हाडच सांध्यापासून वेगळे करावे लागते. म्हणजे प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर कापले जाते. मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार, अशी एकूण अठरा नखे असतात. बहुतेक वेळा केवळ पुढच्या दोन पायांवर शस्त्रक्रिया होते; तरीही दहा बोटांची दहा पेरे जातात. साधन शस्त्रक्रियेची सुरी असो, कात्री असो वा लेसर, अवयवच्छेद टळत नाही.

मांजर बोटांवर चालणारा प्राणी आहे. शेवटचे पेर गेले की पाय टेकण्याची त्याची पद्धत बदलते आणि भार मागे सरकतो. 'जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी' या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७४ मांजरे तपासली गेली. त्यांपैकी निम्म्यांची, म्हणजे १३७ मांजरांची नखे काढलेली होती. त्या १३७ पैकी ६३ टक्के मांजरांच्या पायांत कापलेल्या हाडाचे तुकडे मागे राहिलेले क्ष-किरण चित्रांत दिसले. पाठदुखी, चावण्याची वाढलेली सवय आणि ठरलेल्या जागेबाहेर मलमूत्र विसर्जन करणे, हे प्रकारही नखे काढलेल्या मांजरांत अधिक आढळले. रेतीत पाय उकरताना दुखते म्हणून मांजर मऊ गादी किंवा चटई शोधते. सोफा वाचवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेची किंमत अशा रीतीने कधी कधी गादीला मोजावी लागते.

बंगालमध्ये मांजराचे स्थान वेगळे आहे. मराठी घरांत जिला सटवाई म्हणून ओळखतात, त्या बालरक्षक षष्ठी देवीचे वाहन बंगालमध्ये मांजर मानले जाते. ज्येष्ठ महिन्यातील षष्ठीच्या व्रतकथेत घरातील धाकटी सून चोरून खाते आणि आळ काळ्या मांजरावर घालते. मांजर देवीकडे दाद मागते आणि सुनेची बाळे एकामागून एक नाहीशी होतात. 'वाघाची मावशी' हा मराठीतील शब्दप्रयोग बंगालीतही जसाच्या तसा आहे. परंतु हे मांजर अंगणातले, मासळीबाजारातले, दहा घरांत फिरणारे. त्याने नखे कुठे घासावीत, हा प्रश्न कोणाला पडत नसे. उंच इमारतींतील सदनिकेत, बंद दाराआड वाढणाऱ्या पर्शियन मांजराच्या बाबतीत तो पडतो. नखावरील जुने आवरण टाकणे, पंजातील ग्रंथींचा वास मागे ठेवून हद्द दाखवणे आणि अंग ताणणे, या तीन गोष्टी मांजर खरवडण्यातून साधते. झाडाचे खोड मिळाले नाही तर सोफा मिळतो.

देशातील कायद्याची घडण मात्र रस्त्यावरच्या जनावरांकडे पाहून झाली. चित्रकार कोल्सवर्दी ग्रँट यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये 'कलकत्ता सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू अ‍ॅनिमल्स' स्थापन झाली. त्यांच्या डोळ्यांसमोर ओझ्याखाली वाकलेले गाडीचे बैल आणि भाड्याच्या गाड्यांचे घोडे होते. त्यांचे स्मारक रायटर्स बिल्डिंगच्या परिसरात आहे. १८९० चा केंद्रीय कायदा याच विचारातून आला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकाच्या पाठपुराव्यातून १९६० चा कायदा झाला, तेव्हा त्याची व्याप्ती पुष्कळ वाढली. तरीही घरातल्या प्राण्यावर मालकाच्या संमतीने, भूल देऊन, दवाखान्यात होणारी शस्त्रक्रिया त्या वेळी कोणाच्या कल्पनेत असण्याचे कारण नव्हते.

या कायद्याच्या कलम ११ (१) च्या 'एल' खंडात प्राण्याचे अंगविच्छेदन करणे हा गुन्हा ठरवला आहे. हाच बंदीच्या बाजूचा मुख्य आधार. पण १९८२ च्या दुरुस्तीनंतर या खंडाची वाक्यरचना गुंतागुंतीची झाली आहे. अंगविच्छेदन करणे किंवा हृदयात स्ट्रिक्निनचे इंजेक्शन देऊन 'अथवा अन्य कोणत्याही अनावश्यक क्रूर पद्धतीने' मारणे, असा त्याचा आशय. 'अनावश्यक क्रूर' ही अट केवळ मारण्याला लागू आहे की अंगविच्छेदनालाही? दुसरा अर्थ घेतला तर भूल देऊन, जखम टाके घालून बंद करणारा पशुवैद्य 'पद्धत क्रूर नव्हती' असा बचाव करू शकतो. पहिला अर्थ अधिक सरळ वाटतो, कारण त्याच कलमात गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे आणि वेसण घालणे यांना विहित पद्धतीने केल्यास स्वतंत्र सूट दिली आहे. अंगविच्छेदन मुळातच गुन्हा नसता तर या सुटीची गरज पडली नसती. मांजराच्या नखांचा त्या यादीत समावेश नाही.

अर्थ लागला तरी शिक्षा उरतेच. हा गुन्हा कलम ३१ प्रमाणे दखलपात्र आहे. पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये. त्याहून मोठी अडचण कलम ३६ ची आहे. गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नाही. मांजर दुखणे लपवणारा प्राणी आहे. लंगडणे, पाठदुखी, मलमूत्राच्या तक्रारी पुष्कळदा फार उशिरा ध्यानात येतात. तोवर मुदत सरलेली असते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण तो गुन्हा 'आगळीक' या सदरात मोडतो आणि आगळीक म्हणजे कोणाचे तरी गैरवाजवी नुकसान करण्याचा हेतू. जेथे मालकानेच संमतीपत्रावर सही केली आहे, तेथे हा हेतू सिद्ध करणे अवघड.

शिक्षेच्या या तोकडेपणाची चर्चा कोलकात्याला नवी नाही. जानेवारी २०१९ मध्ये शहरातील नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात सोळा पिल्ले मारून टाकण्यात आली. दोन परिचारिका विद्यार्थिनींना अटक झाली, त्यांना जामीन मिळाला आणि कायदा कडक करण्याच्या मागणीसाठी लोक रस्त्यावर आले. त्याआधीच, ७ मे २०१४ रोजी, नागराज खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संसदेकडून दंडवाढीची अपेक्षा व्यक्त केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्ती विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. त्यात आजन्म अपंगत्व आणू शकेल अशा कृत्याला 'भीषण क्रूरता' म्हटले असून पन्नास ते पंचाहत्तर हजार रुपये दंड आणि एक ते तीन वर्षे कैद सुचवली आहे. मांजराची कापलेली पेरे या व्याख्येत बसवणे सोपे आहे. मसुदा मात्र मसुदाच राहिला.

व्यवसायाच्या नियामक संस्थेने बंदी घालावी, हा दुसरा मार्ग. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१८ मध्ये पशुवैद्यांच्या संस्थेनेच ऐच्छिक शस्त्रक्रिया थांबवली. भारतात या मार्गाचा अनुभव उत्साहवर्धक नाही. कुत्र्यांचे शेपूट व कान कापण्याविरुद्ध भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्ये काढलेले परिपत्रक केनेल क्लब ऑफ इंडियाच्या याचिकेनंतर मद्रास उच्च न्यायालयात टिकले नाही.

बंदीच्या विरोधकांचा युक्तिवाद सरसकट उडवून लावण्याजोगा नाही. न्यूयॉर्क राज्याने २२ जुलै २०१९ रोजी हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद करून बंदी घातली, तेव्हा तेथील पशुवैद्यांच्या राज्य संघटनेने विरोध केला होता. रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या मालकांपुढे मांजर सोडून देण्याखेरीज पर्याय राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ब्रिटिश कोलंबियातील निवाऱ्यांच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या. बंदीमुळे सोडून दिल्या जाणाऱ्या मांजरांची संख्या वाढल्याचे दिसले नाही. दर पंधरवड्याला नखांची टोके कापणे आणि घरात सुतळी गुंडाळलेला खांब ठेवणे एवढ्याने बहुतेक तक्रारी आटोक्यात येतात. तागाच्या या शहरात सुतळीची वानवा नाही.

संसदेची वाट न पाहण्याचाही एक मार्ग आहे. प्राण्यांवरील क्रूरतेचा प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत आहे. तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी राष्ट्रपतींच्या संमतीने केंद्रीय कायद्यात राज्यापुरत्या दुरुस्त्या केल्या आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. त्या दुरुस्त्या जल्लिकट्टू, कंबाला आणि बैलगाडा शर्यतींना वाट करून देण्यासाठी, म्हणजे कायदा सैल करण्यासाठी होत्या. तोच अधिकार कायदा घट्ट करण्यासाठी वापरायला पश्चिम बंगाल विधानसभेला अथवा अन्य कोणत्याही विधिमंडळाला आडकाठी नाही. त्यासाठी कलम ११ मध्ये एका शस्त्रक्रियेचे नाव घालावे लागेल, वैद्यकीय गरजेचा अपवाद लिहावा लागेल आणि तीन महिन्यांची मुदत वाढवावी लागेल.