संघटना चालवायचीही शाळा लागते



आमच्या शिरपूरला बाहेरची माणसे येतात ती अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरासाठी. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांतल्या पूजा-व्यवस्थापनाच्या वादात १९८१ पासून या मंदिराला कुलूप होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते २०२३ मध्ये उघडले. दोन्ही बाजूंकडे वकील होते, पैसा होता, जुने कागद जपलेले होते. म्हणून चाळीस वर्षे भांडूनही दोघे टिकले.

याच परिसरातल्या आपल्या एका मंडळाची अभ्यासिका मात्र एका कागदावाचून बंद पडली. अध्यक्ष वारले. नवे पदाधिकारी टाळ्यांच्या गजरात निवडले, पण प्रोसिडिंग बुकात ठराव लिहिला नाही. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या मंडळात मीही होतो. समाजशास्त्रात एम.ए. केलेला मी, मलाही ठाऊक नव्हते! बँकेतून पैसे निघेनात, खोलीचे भाडे थकले आणि स्पर्धा परीक्षेची पोरे घरी गेली. यात मनुवाद्यांनी काय केले? काही नाही. ते आपणच केले.

आता इतिहास पाहू. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर. परळच्या दामोदर हॉलमध्ये कचेरी. पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे चवदार तळ्यावर जाण्याआधीच कचेरी, चिटणीस आणि वसतिगृह होते. हा क्रम आपण भाषणात सांगत नाही.

१९३२ मध्ये पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी एक संघ निघाला. तोच पुढे हरिजन सेवक संघ झाला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्कर बाप्पा सरचिटणीस. त्याच नोव्हेंबरात गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना लांब पत्र लिहिले. दारू सोडवणे, व्यायामशाळा काढणे यांत शक्ती घालवू नका, विहिरी, शाळा आणि नोकऱ्यांत समान हक्कासाठी लढा, असा त्याचा मुख्य भाग. शेवटी कार्यकर्ते कसे निवडावेत तेही लिहिले : ते शक्यतो अस्पृश्य समाजातले असावेत, कारण भाडोत्री माणसाला या कामाचे प्रेम नसते. आणि समाजसेवेच्या नावावर जगणारे लबाड आपल्यातही आहेत, हे त्यांनी त्याच पत्रात कबूल केले. पत्राला उत्तर आले नाही. हा प्रश्न आजही तोच आहे : आपल्या वस्तीत काम कोण करणार आणि त्याला तयार कोण करणार?

चार वर्षांनी, १९३६ मध्ये, मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. पदवीनंतर समाजकार्य शिकवणारी देशातली ही पहिली संस्था. पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी. नागपाड्याच्या वस्तीत काम करताना त्यांना दिसले होते की दयेवर सेवा चालत नाही, तिला शास्त्र लागते. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुढे १९७९ मध्ये दूध संघांना व्यवस्थापक हवेत म्हणून वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने आणंदला ग्रामीण व्यवस्थापन संस्था निघाली. दुधाला व्यवस्थापक लागतो हे देशाला पटले. चळवळीला लागतो हे आपल्याला का पटत नाही?

बाबासाहेबांना ते पटले होते. १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत राजकारणात येणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याकडे तिचा कारभार दिला. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि मार्च १९५७ मध्ये शाळा बंद पडली. त्यांचे पुतळे आपण गावोगाव उभारले. ही शाळा मात्र पुन्हा उभी केली नाही. त्यांनी १९४५ मध्ये स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कारभाराचे वाद तर कोर्टात गेले.

काही मित्र म्हणतील, "हिशेब आणि प्रकल्प शिकलो की चळवळीची एनजीओ होते, माणूस पगारी होतो." ही भीती खोटी नाही. निधी देणाऱ्याच्या भाषेत बोलता बोलता जात हा शब्दच गळालेला मी पाहिला आहे. पण हिशेब न येणारा कार्यकर्ता त्यामुळे क्रांतिकारक ठरत नाही. तो दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून राहतो, एवढेच.

काही म्हणतील, मोठ्या संस्थांत जाऊन शिका. जरूर जा. पण २०१८ मध्ये टाटा संस्थेच्याच विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीधारकांच्या शुल्कमाफीसाठी संप करावा लागला. मालेगाव तालुक्यातल्या मजुराच्या पोरीने तोवर वाट पाहायची का?

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. महिन्यातून एक रविवार विहारात वंदनेनंतर दोन तासांचा वर्ग घ्यावा. ठराव कसा लिहायचा, कीर्द कशी ठेवायची, बदल अर्ज कसा भरायचा, ऑडिट म्हणजे काय, माहितीचा अधिकार कसा वापरायचा हे शिकवावे. समाजातले निवृत्त कारकून, शिक्षक, बँकवाले हेच आपले प्राध्यापक. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब हा पहिला धडा : पै न पै लिहा आणि विहाराच्या भिंतीवर लावा.

"संघटित व्हा" हे आपण रोज म्हणतो. संघटना चालवायची कशी, हे शिकणे त्याच आदेशात येते.

जयभीम!