ओळ क्रमांक २२३८

प्रोग्रॅम लिहायचा तो यंत्रासाठी, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती मोडली एका ऑस्ट्रेलियन अध्यापकाच्या पुस्तकाने. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स ह्यांनी १९७७ साली, संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या 'युनिक्स'च्या सहाव्या आवृत्तीवर दोन भाग विद्यार्थ्यांच्या हाती दिले. एकात मूळ कोड, दुसऱ्यात त्यावरचे भाष्य. आपल्याकडे ग्रंथावर टीका लिहीत, अगदी तसे!

बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांच्या प्रणालीचा हा गाभा सुमारे ९ हजार ओळींचा. आजच्या मानाने किरकोळच. पण ह्या रानात नवख्याने शिरावे कुठून? लायन्स ह्यांनी केलेली सोय इतकी साधी की तिचे मोल चटकन ध्यानात येत नाही. प्रत्येक ओळीला त्यांनी चार आकडी क्रमांक दिला, त्यातले पहिले दोन आकडे पानाचे. आणि कोणते नाव कोणकोणत्या ओळींत येते ह्याची सूची जोडली. नाव अडले की सूची पाहावी, पान उलटावे, पुढे चालू लागावे. आता पडद्यावर हे एका टिचकीत होते. रीत मात्र तीच.

२२३८व्या ओळीवर कर्त्यांची एक टीप आहे. एक काम थांबवून संगणक दुसरे हाती घेतो, ती ही जागा. हे तुम्हांला समजावे अशी अपेक्षा नाही, एवढाच टिपेचा अर्थ. तिची पुढे पुष्कळ थट्टा झाली. 'हे परीक्षेला येणार नाही' अशा भावाने ते लिहिले होते, असा खुलासा रिची ह्यांनी नंतर केला. पण तिथे काय चालले आहे ते आम्हांलाही उमगले नव्हते, ही त्यांची कबुली मला अधिक मोलाची वाटते. ती युक्ती पीडीपी-११ यंत्रावर चालली, ती तिथल्या कंपायलरच्या एका सवयीमुळे. इंटरडेटा यंत्रावर युनिक्स नेताना ती फसली, आणि सातव्या आवृत्तीसाठी तो भाग नव्याने बांधावा लागला. हे वाचल्यापासून, टीप लिहिताना शब्द सुचेनात की मी टीप सोडून कोडच पुन्हा वाचायला घेतो.

१९७९च्या त्याच सातव्या आवृत्तीच्या परवान्याने कोड वर्गात शिकवण्यास मनाई केली. पुस्तक मग झेरॉक्सच्या झेरॉक्स होत हातोहात फिरले. उघडपणे ते छापून आले १९९६ साली. दोनच वर्षांनी लायन्स वारले. माझी प्रत ह्या छापील आवृत्तीची. तिच्यात सर्वांत मळली आहेत ती सूचीची पाने.