मांडीवरचा प्रवासी: कुटुंबाच्या गाडीचा इतिहास

१/२४
नागपुरात एखाद्या घरी डोहाळजेवणाची तयारी सुरू झाली की पाळणा, दुपटी आणि झबल्यांच्या यादीत हल्ली आणखी एक विषय हमखास निघतो. बाळ येण्याआधी गाडी घ्यायची, पण कोणती? प्रश्न आजचा वाटतो. त्यामागचा इतिहास मात्र ऐंशी वर्षांहून जुना आहे आणि त्याची दोन्ही टोके नागपूरशी जोडलेली आहेत. #थ्रेड

२/२४
आधी रस्त्यांविषयी. १९२७ साली बॅ. मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या शिफारशींतून १९२९ मध्ये पेट्रोलवरील करातून उभा राहणारा केंद्रीय रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली.

३/२४
डिसेंबर १९४३. दुसरे महायुद्ध अद्याप चालू होते. प्रांतांचे मुख्य अभियंते मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या राजधानीत, म्हणजे नागपुरात, एकत्र आले. युद्धानंतरच्या भारतात रस्त्यांचे जाळे कसे असावे याचा वीस वर्षांचा आराखडा त्यांनी तेथे आखला. स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही तो ‘नागपूर प्लॅन’ याच नावाने शिकतात.

४/२४
राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामरस्ते ही आज सर्वपरिचित असलेली वर्गवारी याच आराखड्याची देणगी. शेतीप्रधान, विकसित भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे त्याचे एक उद्दिष्ट होते. रस्त्यांचे गणित मांडले गेले. त्या रस्त्यांवरून सामान्य कुटुंब कशातून जाणार, हा प्रश्न अजून कोणापुढे नव्हता.

५/२४
त्याच सुमारास, १९४४ मध्ये, सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तिचीच उत्तरावस्था असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. दुसरीकडे बंगालमधील उत्तरपाड्याला ॲम्बॅसडर तयार होत होती. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

६/२४
अशा काळात ‘कोणती गाडी घ्यावी’ या प्रश्नाला अर्थच नव्हता. मिळेल ती घ्यायची. या दोन्ही गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असे आणि पुढे सलग बाकासारखी सीट असे. आईवडिलांच्या मधोमध मूल बसे, कित्येकदा समोरच्या पॅनलला धरून उभेही राही. घरोघरीच्या आठवणींत ती मानाची जागा होती. अपघाताच्या दृष्टीने ती गाडीतील सर्वांत वाईट जागांपैकी एक होती.

७/२४
बहुसंख्य घरांना तेवढेही शक्य नव्हते. त्यांचे वाहन म्हणजे सायकल, तिच्या दांडीवर बसवलेली मुलाची छोटी सीट. आणि पुढे स्कूटर. नागपूरशेजारच्या वर्ध्यात ज्यांचे घर, त्या जमनालाल बजाज यांच्या कुटुंबाच्या कंपनीने चेतक १९७२ मध्ये आणली. तिच्यासाठीही प्रतीक्षायादी असे. वडील चालवणारे, थोरला पुढे पाय ठेवण्याच्या जागेत उभा, मागे एका बाजूला पाय सोडून आई आणि तिच्या कुशीत तान्हे मूल.

८/२४
जगात इतरत्र काय चालले होते? अमेरिकेत १९३० च्या दशकापासून मुलांसाठी गाडीत लावायच्या सीट मिळत. त्यांचा हेतू सुरक्षिततेचा नव्हता. मुलाला खिडकीबाहेर दिसावे, त्याने जागा सोडून चळवळ करू नये आणि चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होऊ नये, एवढाच तो होता. मूल हा अपघातात सापडू शकणारा प्रवासी आहे, हा विचार बराच उशिरा आला.

९/२४
१९५९ मध्ये व्होल्वोचे अभियंता निल्स बोलिन यांनी तीन बिंदूंवर अडकणारा सीट बेल्ट तयार केला. तो मोठ्यांच्या खांद्याच्या आणि कंबरेच्या मापाचा होता. १९६२ मध्ये ब्रिटनच्या जीन एम्स आणि अमेरिकेचे लेनर्ड रिव्हकिन यांनी स्वतंत्रपणे मुलांच्या संरक्षणाचा हेतू धरून सीट आखल्या. एम्स यांच्या सीटला पट्ट्यांची बांधणी होती.

१०/२४
१९६४ मध्ये स्वीडनचे बर्टिल आल्डमन यांनी मागे तोंड करून बसवायच्या सीटचा नमुना केला. उड्डाणाचा ताण साऱ्या पाठीवर विभागला जावा म्हणून अंतराळवीर ज्या रीतीने पहुडतात, तीच कल्पना यात होती. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसल्यास मागे तोंड असलेले बाळ सीटच्या पाठीत दाबले जाते. मान एकटी पुढे फेकली जात नाही.

११/२४
आईचे हात पुरे पडत नाहीत का? हिशोब सोपा आहे. ताशी ५० किमी वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर ५ किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे ७० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो, तोही डोळ्याचे पाते लवायच्या आत. प्रश्न मायेचा नसून भौतिकशास्त्राचा आहे.

१२/२४
हे पटायला पाश्चात्त्य समाजालाही वेळ लागला. अमेरिकेत पहिला चाइल्ड सीट कायदा टेनेसी राज्यात १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी त्यासाठी झुंज दिली होती. त्यातही एक पळवाट राहिली: मूल मोठ्या माणसाने हातात धरले असल्यास चालेल! ती पळवाट १९८१ मध्ये बंद झाली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे आले.

१३/२४
याच काळात भारतात मारुती ८०० आली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ग्राहकांना किल्ल्या दिल्या गेल्या. नोंदणी आधीच लाखावर गेली होती. ७९६ सीसीचे इंजिन, आटोपशीर आकार आणि मध्यमवर्गाच्या अगदी हातात नसली तरी नजरेच्या टप्प्यात आलेली किंमत. भारतीय कुटुंबाला ‘आपली’ म्हणावी अशी गाडी मिळाली.

१४/२४
तेव्हापासून गाडी घेतानाचे प्रश्न ठरून गेले. ॲव्हरेज किती देते? रिसेल कशी आहे? सुटे भाग मिळतात का? आणि सर्वांत महत्त्वाचे, माणसे किती बसतात? चार मोठ्यांच्या गाडीत सहा जण सहज जात, कारण हिशोबाचा एक अलिखित नियम होता: मांडीवरचे मूल मोजायचे नसते.

१५/२४
१९८४ मध्ये आलेल्या मारुती व्हॅनने, म्हणजे पुढच्या ओम्नीने, हा हिशोब आणखी सैल केला. सरकते दार, मोकळी जागा. लग्नकार्यापासून शाळेच्या वाहतुकीपर्यंत सर्वत्र ती दिसू लागली. तिची रचना मात्र अशी, की चालकाचे गुडघे आणि समोरचा रस्ता यांच्यामध्ये फारसे काही नव्हते. सोय आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवणारे याहून स्पष्ट उदाहरण विरळाच.

१६/२४
१९९३ मध्ये मोटारउत्पादनावरील परवान्याचे बंधन गेले. १९९८ च्या अखेरीस पुण्याच्या टाटांची इंडिका आली. झेनचा आकार, ॲम्बॅसडरची ऐसपैस जागा, ८०० च्या जवळपासची किंमत आणि डिझेलचा कमी खर्च असे तिचे सूत्र होते. चारही निकष मोठ्यांचे. निवड आली, पण निवडीच्या यादीत मुलाचे संरक्षण अजून नव्हते.

१७/२४
मुलाकडे थेट पाहणारी पहिली मोठी कल्पना नॅनोची. पावसात स्कूटरवरून जाणारे आईवडील आणि मुले पाहून स्वस्त गाडीचा विचार मनात आला, असे रतन टाटा सांगत. १० जानेवारी २००८ रोजी ती जगापुढे आली. मुलाला दुचाकीवरून चार भिंतींच्या आत आणणे हे निश्चितच मोठे पाऊल होते. तरी त्या चार भिंतींतही मूल मांडीवरच राहिले.

१८/२४
युरोपात १९९७ पासून युरो एनकॅप ही संस्था गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध करत होती. २००३ पासून तिने मुलांच्या संरक्षणाला स्वतंत्र गुण दिले. अमेरिकेत १९९० च्या दशकात एक भीषण गोष्ट उघड झाली होती. पुढच्या सीटवर मागे तोंड करून ठेवलेल्या बाळांवर एअरबॅग आदळून मृत्यू झाले होते. मोठ्यांना वाचवणारे साधनच बाळाला घातक ठरू शकते, हा त्यातला धडा.

१९/२४
जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या, एअरबॅग नसलेल्या मूळ आवृत्तींचे निकाल जाहीर केले. मोठ्या प्रवाशांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. तीस वर्षे ‘ॲव्हरेज किती’ विचारणाऱ्या बाजाराला पहिल्यांदा दुसरा प्रश्न ऐकू आला.

२०/२४
पुढचा बदल वेगाने झाला. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. पण बारकाईने पाहा: पाच तारे मोठ्यांसाठी, मुलांसाठी तीन. २०२० मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ३०० ला अनुक्रमे पाच आणि चार मिळाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये कुशाक आणि टायगुन यांना दोन्हींत पाच. जाहिरातीतील ‘पाच तारे’ कोणाचे, हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.

२१/२४
कायदाही हलला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आले: १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित न केल्यास १,००० रुपये दंड. २०२२ च्या अधिसूचनेने दुचाकीवरील नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किमीची मर्यादा ठरवली. स्कूटरवरचे आणि मांडीवरचे, दोन्ही मुले प्रथमच कायद्याने मोजली.

२२/२४
याची निकड आकडे सांगतात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. सीट बेल्ट न लावलेल्या मृतांची संख्या १६,७१५ होती आणि त्यांतील निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. २२ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ‘भारत एनकॅप’ सुरू केले. त्यात दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बसवून गाडी आदळली जाते. चाचणी ऐच्छिक आहे, तिचे निकाल मात्र सर्वांना पाहता येतात.

२३/२४
आता पुन्हा डोहाळजेवणाच्या घरी. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, म्हणून बाळाचा पहिला लांबचा प्रवास कित्येकदा यवतमाळ, अमरावती किंवा वर्ध्याहून नागपूरचा असतो. समृद्धी महामार्गावर तर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. गाडी पाहताना इतिहासातून निघणारे प्रश्न असे: मुलांसाठी वेगळे तारे किती? मागे आयसोफिक्सचे आकडे आहेत का? मागे तोंड केलेली चाइल्ड सीट लावल्यावर पुढच्याला बसता येते का? वैदर्भीय उन्हाळ्यात मागच्या सीटपर्यंत गारवा पोहोचतो का? बाबागाडी डिकीत मावते का? पुढच्या सीटचा विचार मात्र तान्ह्यासाठी करूच नये. आणि गाडी कोणतीही असो, क्षणभरही मुलाला बंद गाडीत एकटे सोडू नये.

२४/२४
१९४३ मध्ये नागपुरात जमलेल्या अभियंत्यांनी गावापासून रस्त्याचे अंतर मोजले. मांडीवरच्या मुलाची मोजणी सुरू व्हायला आणखी ऐंशी वर्षे लागली. चाचणीतील तारे आणि कायद्याचे कलम त्या मुलाला जागा देऊ शकतात. तिथे बसवणारे हात घरातलेच असतात. जुनी गाडी असेल तरी चालेल, पण बाळाच्या पहिल्या प्रवासाआधी चाइल्ड सीट घरी आलेली असावी. आजी म्हणेल, ‘मी घेते की मांडीवर.’ तेव्हा तिला अकरावा भाग वाचून दाखवावा.