ग्लायोब्लास्टोमा : संशोधनातील अडथळे आणि प्रगती

प्रौढांच्या मेंदूतच उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळणारा आणि अत्यंत आक्रमक प्रकार. चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लियल पेशींशी या गाठीतील पेशींचे साधर्म्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती चौथ्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत मोडते. डोकेदुखी, फिट येणे, बोलण्यात किंवा हालचालीत अडथळा, स्वभावातील बदल अशी तिची लक्षणे असून गाठीच्या जागेनुसार ती वेगवेगळी दिसतात.

उपचार : शस्त्रक्रियेने शक्य तेवढी गाठ काढून नंतर किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे औषध देतात. रॉजर स्टुप व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेले निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांहून अधिक जगले. औषधाची जोड मिळाल्यावर हा टप्पा १४.६ महिन्यांवर गेला. दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झाले. आजही उपचारांचा पाया हाच आहे.

अडथळे : कर्कपेशी गाठीची सीमा ओलांडून निरोगी ऊतीत दूरवर शिरतात. त्या सगळ्या काढायच्या तर वाचा, स्मृती, हालचाल सांभाळणारा भागही कापावा लागेल. म्हणून गाठ बहुतेकदा उलटते. रक्त-मेंदू अडसर रक्तातील बहुतांश औषधांना मेंदूत शिरू देत नाही. एकाच गाठीतील पेशींची जनुकीय घडण भिन्न असल्याने एका लक्ष्यावर बेतलेल्या औषधातून काही पेशी निसटतात. गाठीभोवतीचे वातावरण प्रतिकारशक्तीला दडपते. शिवाय, चेतापेशी कर्कपेशींशी थेट जोडण्या करून त्यांच्या वाढीला चालना देतात, असे २०१९ मध्ये मिशेल मोंजे आणि फ्रँक विंकलर यांच्या गटांनी दाखवले.

प्रगती : २००८ मध्ये आयडीएच १ जनुकातील उत्परिवर्तन आढळले आणि निदानाची रीतच पालटली. २०२१ च्या वर्गीकरणानुसार हे उत्परिवर्तन असलेल्या गाठींना ग्लायोब्लास्टोमा म्हणत नाहीत. त्या तुलनेने सावकाश वाढतात. अशा दुसऱ्या श्रेणीच्या गाठींसाठी व्होरासिडेनिब या गोळीला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. चाचणीत तिच्यामुळे रोग बळावेपर्यंतचा मध्यक काळ ११.१ वरून २७.७ महिन्यांवर गेला. एमजीएमटी जनुकाच्या चाचणीवरून टेमोझोलोमाइडचा लाभ कितपत होईल याचा अंदाज येतो. शस्त्रक्रियेपूर्वी ५-एएलए दिल्यास निळ्या प्रकाशात गाठ लालसर चमकते आणि शल्यविशारदाला ती अधिक नेमकी काढता येते. टाळूवर लावलेल्या पट्ट्यांतून विद्युतक्षेत्र देणाऱ्या उपचाराने एका मोठ्या चाचणीत जगण्याचा मध्यक काळ १६ वरून २०.९ महिने झाला.

प्रतिकारशक्तीवर आधारित उपचार अजून प्रायोगिक टप्प्यात आहेत. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जनुकीय बदल केलेल्या टी-पेशी थेट मेंदूतील द्रवात सोडल्यावर तीनही रुग्णांच्या गाठी काही दिवसांतच लक्षणीय आकसल्या, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र दोघांत तो परिणाम फार काळ टिकला नाही.

पुढील दिशा : काही चाचण्यांत आता शस्त्रक्रियेआधी औषध देऊन काढलेल्या ऊतीत त्याचे प्रमाण मोजतात. औषध गाठीपर्यंत पोचलेच नाही, की पोचूनही निष्प्रभ ठरले, हे कळल्याखेरीज अपयशातून काही शिकता येत नाही. रुग्ण किती महिने जगला याबरोबरच त्या काळात त्याला बोलता, आठवता आणि स्वतःचे व्यवहार सांभाळता आले का, हेही उपचाराच्या यशाचे माप मानले पाहिजे.