न कळकणारे दूध

आपण मराठी माणसे 'काळीज' म्हणताना छातीवर हात ठेवतो. वास्तविक काळीज तिथे नाही. ते उजव्या बरगड्यांखाली आहे. अमरकोशात कालखंड आणि यकृत ही एकाच अवयवाची दोन नावे म्हणून दिलेली आहेत, आणि खाटकाकडे कलेजी मागणारा माणूस आजही नेमके तेच मागत असतो. पण घरातल्या तान्ह्या मुलाचा तो अवयव सुजू लागला म्हणजे आपल्या आज्या-पणज्या काळीजही म्हणत नसत आणि यकृतही म्हणत नसत. 'लिव्हर झालं' म्हणत. लिव्हर हे जणू रोगाचेच नाव. मूल सहा महिन्यांचे ते तीन वर्षांचे असे. ते किरकिरे होई, पोट नगाऱ्यासारखे फुगे, बोटाला बरगडीखाली दगडासारखी कड लागे. पुढे डोळे पिवळे होत, पोटात पाणी होई, आणि बहुतेक वेळा तिथेच सारे संपे. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी या रोगाचे वर्णन 1887 साली छापले. त्याचे कारण हाती लागायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली.

जुन्या वैद्यकाने यकृताकडे दुर्लक्ष केले होते असे नाही. चरकाने उदररोगाचे आठ प्रकार सांगितले आहेत. वाढलेल्या यकृताला मात्र त्याने वेगळे घर दिले नाही. कारणे, लक्षणे आणि औषधे सारखीच म्हणून ते प्लीहोदराच्या, म्हणजे पाणथरीच्या घरात बसवून टाकले. प्लीहा आधी गाठीसारखी कठीण लागते आणि वाढता वाढता कासवाच्या पाठीसारखी होते, हे त्याचे वर्णन ज्याने असे पोट चाचपले आहे त्याला लगेच पटेल. सुश्रुताने 'यकृद्दाल्युदर' असे स्वतंत्र नाव दिले, आणि प्लीहेसाठी डाव्या कोपराची तर यकृतासाठी उजव्या कोपराची शीर तोडावी असे सांगितले. चरकाचा भर रेचकांवर आहे. त्याशिवाय गोमूत्रात भिजवलेले हिरडे व रोहीतकाची साल, चढत्या प्रमाणात पिंपळी, आणि पथ्याला दूध. जलोदरातले पाणी काढल्यावर तर सहा महिने रोग्याने केवळ दुधावर राहावे, असा त्याचा दंडक आहे. हे दूध लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

आपल्याकडच्या वैद्यांनी या यादीत भर घातली ती उन्हाळीच्या मुळाची, जिला संस्कृतात प्लीहशत्रू असेच नाव आहे, भुईआवळीची आणि कोरफडीच्या कुमारी आसवाची. पण यकृत म्हटले की वैद्याचा हात आधी जाई तो आरोग्यवर्धिनीच्या डबीकडे. ही गोळी चरकाची नव्हे. ती रसरत्नसमुच्चयातली, म्हणजे पारा-गंधकाच्या युगातली, आणि तिथे ती मुळात त्वचारोगांच्या प्रकरणात येते. तिच्यात कुटकी इतर सर्व द्रव्यांच्या बरोबरीने पडते. ती जिभेवर राहणारी कडू चव तिचीच. बाकी पारा, गंधक, लोहभस्म, अभ्रकभस्म, त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ, चित्रक. आणि ताम्रभस्म.

तांब्याविषयी आपले रसवैद्य बेसावध मुळीच नव्हते. अशुद्ध तांब्यात आठ दोष मानलेले आहेत. ओकारी, भोवळ, दाह ही त्यांतली काही. विषापेक्षाही तांबे अधिक विषारी, असे म्हणण्यापर्यंत ते गेले. भस्म नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी ते चिमूटभर दह्यात टाकीत. दही हिरवे-निळे झाले तर भस्म कच्चे, पुन्हा पुटे द्यायची. प्रयोगशाळा नसलेल्या काळातली ही परीक्षा मला फार शहाणपणाची वाटते.

हीच परीक्षा आपल्या स्वयंपाकघरातही चालू होती. पितळेत निम्म्याहून अधिक तांबेच असते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती हिरवट होते, तोंडाला कसकसते. यासाठी मराठीने एक खास क्रियापदच घडवले : कळकणे. 'ताक कळकलं, फेकून दे' हे वाक्य ज्या घरात ऐकू आले नाही असे जुने घर नसेल. म्हणून कथील आणि नवसागर घेऊन फिरणाऱ्या कल्हईवाल्याला मान होता.

दूध मात्र कळकत नाही. ते आंबट नाही; रंग बदलत नाही, चव बदलत नाही. सुश्रुताच्या सूत्रस्थानात कोणता पदार्थ कोणत्या भांड्यात वाढावा याची यादी आहे. आंबट पदार्थ दगडी भांड्यात द्यावेत, आणि चांगले उकळून गार केलेले दूध तांब्याच्या भांड्यात! म्हणजे दही-ताकाला जपणारा तो थोर शस्त्रवैद्यही दुधाच्या बाबतीत निर्धास्त होता. उलट धर्मशास्त्राने, कोणत्या अनुभवाने कोण जाणे, तांब्यातले गव्य, एक तूप सोडून, मद्यासमान ठरवले. देवाला दुधाचा अभिषेक तांब्याच्या गडूने करू नये असे माझी आजी बजावी. पण पितळ म्हणजे तांबे नव्हे, हा तिचा समज. आणि घरातले दूध दिवसभर चुलीच्या कडेला पितळी पातेल्यातच असे. माझ्या वडिलांच्या आधीचे तिचे दोन मुलगे 'लिव्हर'ने गेले. दोघांनाही तिचे अंगावरचे दूध पुरले नव्हते.

या रोगाला डॉक्टरांनी आनुवंशिक म्हणून पाहिले, बुरशी आलेल्या शेंगदाण्याचा संशय घेतला, वैद्यांच्या औषधांचाही घेतला. 1978 साली लंडनमध्ये अशा मुलांच्या यकृताचे तुकडे रंगवून पाहिले तेव्हा पेशींत तांब्याचे कण दिसले. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम सुक्या वजनात 50 मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. या मुलांत ते 800 च्या वर, कित्येकदा हजारांत होते. मग पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी एक साधी गोष्ट केली : त्यांनी आयांना भांडी विचारली. त्यांचा निबंध 1983 साली 'लान्सेट'मध्ये आला. आजारी मुलांना फार लवकर वरचे दूध सुरू झालेले होते, आणि ते पितळेत किंवा तांब्यात तापवलेले, साठवलेले होते. दुधातले केसीन तांब्याला घट्ट धरते, हेही पुढे दाखवले गेले. पाण्यापेक्षा दूध भांड्यातून कितीतरी अधिक तांबे ओढून घेते, आणि ओढले हे कळू देत नाही. शरीरातले तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन लवकर दिले तर काही मुले वाचू लागली.

अर्थात त्याच पातेल्यातले दूध पिऊन वाढलेली हजारो मुले धडधाकट राहिली. काही मुलांत जन्मतःच काही कमी असावे, हा वाद म्हणून मिटलेला नाही. ऑस्ट्रियातील टायरोल भागात 1900 ते 1974 या काळात 138 मुले अशाच रोगाने गेली. तिथेही गाईचे दूध तांब्याच्या भांड्यात उकळत असत, आणि तिथेही भांडी बदलल्यावर रोग नाहीसा झाला.

आता त्या आरोग्यवर्धिनीचे. ज्या यकृतात तांबे साचून ते निबर झाले, त्याच्यावर तांब्याचे भस्म असलेली गोळी मधातून चाटवली जात होती, हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. त्या गोळीने मुले गेली असे मी म्हणत नाही. रोग गोळीच्या आधी पातेल्यातून आलेला होता. भस्माला दह्याची कसोटी लावणाऱ्या वैद्याने पातेल्यातल्या दुधाला कसोटी लावली नाही, कारण कसोटी आंबटाची होती आणि दूध गोड होते.

रोग आपल्याकडे 1990 च्या सुमारास दुर्मीळ झाला. त्याचे श्रेय डॉक्टरांच्या प्रचाराला आहे. पण जुन्या लुगड्यांवर स्टीलचे पातेले देणाऱ्या बोहारणीला आणि पितळेची मोड घेऊन स्टील देणाऱ्या दुकानदारालाही ते थोडे द्यायला हवे. त्यांना यकृत ठाऊक नव्हते.

हल्ली पितळ पुन्हा आले आहे. गेल्या वर्षी पुण्याच्या तांबट आळीत एका दुकानात मी पितळी पातेले हातात घेऊन विचारले, "यात दूध तापवलं तर चालेल?"

"कल्हई आहे ना, सर. न चालायला काय झालं? गेली की परत आणा."

"गेली हे कळायचं कसं?"

"सोपं आहे," तो म्हणाला. "ताक ओतून बघा."