गांजाचा कायदा: करापासून किलोपर्यंत

मंडळी, तुरीच्या ओळींत गांजाची झाडं सापडली, शेतकऱ्याला अटक झाली, अशी बातमी आपल्या वाशीम-बुलडाण्याकडे अधूनमधून येते. त्यात एक आकडा हमखास असतो: किती किलो. आज त्या किलोचा इतिहास बघू.

१८९३ साली वाशीम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता; इंग्रजी कागदांत 'बाशिम'. गांजा तेव्हा परवान्याच्या दुकानात मिळायचा आणि सरकार त्यावर कर घ्यायचं. त्या वर्षी विलायतेत डब्ल्यू. एस. केन या दारूबंदीवाल्या खासदारानं पार्लमेंटात प्रश्न विचारला, आणि सरकारनं चौकशी आयोग नेमला. सात सदस्य, त्यांत तीन भारतीय. अकराशेहून जास्त साक्षी झाल्या.

आयोगाचं सगळ्यात चांगलं काम वेड्यांच्या इस्पितळांतलं. तिथल्या रजिस्टरांत वेडाचं कारण म्हणून 'गांजा' भरपूर वेळा लिहिलेलं. आयोगानं विचारलं, हे ठरवलं कुणी? तर बऱ्याचदा कुणीच नाही! माणूस गांजा ओढतो एवढं कळलं की कारकुनानं तो रकाना भरून टाकायचा. एकेक प्रकरण तपासल्यावर त्यातली कितीतरी गळाली. १८९४ च्या अहवालात निष्कर्ष आला की बेताच्या सेवनानं फारसा अपाय नाही. बंदी नको, कर आणि परवाने ठेवा. सरकारला महसूल हवाच होता, हेही विसरू नका. पण चौकशी प्रामाणिक होती, असं माझं मत आहे.

पुढं १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला. पारंपरिक वापर थांबवायला त्यात पंचवीस वर्षांची सवलत होती. ती संपत येताना, १९८५ मध्ये, एनडीपीएस कायदा झाला. तेव्हा गांजासाठी कमाल शिक्षा पाच वर्षं होती. २००१ च्या दुरुस्तीनं शिक्षा वजनावर आणली: एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर व्यापारी. व्यापारी म्हणजे किमान दहा वर्षं, कमाल वीस.

आता खरी गोम. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत. शेतात मात्र झाड मुळासकट उपटतात आणि ओलं, खोड-पानांसकट काट्यावर टाकतात. लागवडीला वेगळं कलम आहे, त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण वजन विसाच्या वर गेलं की कलम ३७ लागतं आणि जामीन जवळजवळ अशक्य होतो. खटला उभा राहीपर्यंत दोन-तीन हंगाम निघून जातात, आणि घरची शेती कुणी करायची? पानं-बियांसकट वजन केलं म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिल्याची उदाहरणं आहेत. पण तिथवर जायला वकील लागतो, पैसा लागतो.

सुधारणेचे प्रयत्न झालेत. २०११ मध्ये याच न्यायालयानं या कायद्यातली सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. ते प्रकरण चरसचं होतं. २०१८ मध्ये उत्तराखंडानं औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवानगी दिली. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला अतिधोकादायक यादीतून काढायच्या बाजूनं भारतानं मत दिलं. ओल्या झाडातला गांजा नेमका किती धरायचा, याचा वाद मात्र अजून एकेका जामीनअर्जातच चालतो.