दुर्गम वाटांवरील वाहनांसाठी सस्पेन्शन लिफ्टची निवड

डांबरी रस्ता सोडून चिखल, वाळू अथवा खडकाळ नदीपात्रातून जाणाऱ्या फोर व्हील ड्राइव्ह वाहनांची उंची वाढवून घेण्याकडे अनेक वाहनधारकांचा कल असतो. स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि त्यांना जोडणारे भाग बदलून वाहनाची चासी चाकांच्या तुलनेत अधिक वर उचलण्याच्या या पद्धतीला सस्पेन्शन लिफ्ट असे म्हटले जाते. मात्र ही निवड केवळ इंचांच्या आकड्यावरून करणे योग्य ठरत नाही. वाहन नेमके कोठे अडते, त्यावर कायमस्वरूपी किती भार आहे आणि कायदा कशास अनुमती देतो, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याआधी मिळवावी लागतात.

लिफ्टमुळे नेमके काय उचलले जाते?

१९८५ मध्ये भारतीय बाजारात आलेली मारुती जिप्सी आणि २०२३ मध्ये दाखल झालेली मारुती सुझुकी जिम्नी या दोन्ही वाहनांत पुढील आणि मागील चाके अखंड ॲक्सलने जोडलेली आहेत. अशा रचनेत ॲक्सलवरील डिफरन्शियलचा फुगीर भाग जमिनीच्या सर्वांत जवळ असतो. सस्पेन्शन लिफ्टमुळे स्प्रिंगांच्या वर असलेले भाग, म्हणजे चासी, इंजिन आणि बॉडी, उचलले जातात. डिफरन्शियल मात्र पूर्वीच्याच उंचीवर राहते. ते वर न्यायचे असल्यास मोठे टायर हाच मार्ग आहे आणि त्यातही टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्मीच उंची हाती लागते.

उदाहरणार्थ, २३५/७० आर १६ या टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर असतो, तर २४५/७५ आर १६ या टायरचा सुमारे ७७४ मिलिमीटर. हा बदल केल्यास ॲक्सल सुमारे १९ मिलिमीटरने वर जातो. त्याच वेळी वेगमापकावर ताशी ६० किलोमीटर दिसत असताना प्रत्यक्ष वेग ६३ किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. चाके फिरवण्यासाठी आणि थांबवण्यासाठी लागणारे बलही वाढते.

त्यामुळे वाहन वारंवार डिफरन्शियलवर टेकत असेल, तर केवळ सस्पेन्शन लिफ्टचा उपयोग होत नाही. चढाच्या पायथ्याशी पुढील बंपर घासणे, उंचवटा ओलांडताना चासीचा मधला भाग टेकणे, उतार संपताना मागील बाजू अडकणे, अशा अडचणींत लिफ्ट उपयुक्त ठरते. मोठ्या टायरांना चाककमानीत जागा मिळते, हा तिचा आणखी एक लाभ आहे.

पुढील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या वाहनांत स्थिती वेगळी असते. २०२० मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची महिंद्रा थार हे त्याचे उदाहरण आहे. तेथे पुढील डिफरन्शियल चासीला जोडलेले असल्याने लिफ्टसोबत तेही वर जाते. परंतु चाकांकडे जाणारे शाफ्ट अधिक तिरपे होतात, त्यांचे सांधे लवकर झिजतात आणि त्यांवरील रबरी आवरणे फाटण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा वाहनांत दोन इंचांच्या आत राहणे श्रेयस्कर मानले जाते.

लिफ्टचे प्रकार

पाट्यांचे सस्पेन्शन असलेल्या वाहनांत लांब शॅकल बसवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र शॅकल दोन इंचांनी लांब केल्यास उंची एकच इंच वाढते आणि ॲक्सलचा कोनही बदलतो. जादा पाटा टाकल्यास उंचीबरोबर कडकपणा वाढतो. त्यामुळे रिकामे वाहन उसळू लागते. ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळे बसवण्याची पद्धत फार तर मागील बाजूस चालते. पुढील बाजूस ती धोकादायक आहे, कारण ठोकळा सरकल्यास स्टिअरिंगवरील नियंत्रण सुटू शकते. योग्य कमानीचे संपूर्ण नवे पाटे आणि त्यांना साजेसे शॉकॲब्सॉर्बर हा महाग, परंतु टिकाऊ पर्याय होय.

कॉइल स्प्रिंगच्या वाहनांत स्प्रिंगवर किंवा स्ट्रटवर चकत्या बसवून उंची वाढवता येते. यात मूळ स्प्रिंग तीच राहत असल्याने भारवहनक्षमता वाढत नाही. तसेच चाक खाली लोंबण्यासाठी उरणारे अंतर कमी होते. खाचखळग्यांत चारही चाके जमिनीला लागलेली राहणे हे उंचीपेक्षाही महत्त्वाचे असते. त्यामुळे लांब स्प्रिंग आणि त्यांच्या लांबीशी जुळणारे शॉकॲब्सॉर्बर एकत्रच घ्यावेत. मूळ शॉकॲब्सॉर्बर तसेच ठेवल्यास चाक खाली जाताना ते पूर्ण ताणले जाऊन निकामी होतात.

चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे बसवून केलेल्या बदलास बॉडी लिफ्ट म्हणतात. त्यात चासीची जमिनीपासूनची उंची मुळीच वाढत नाही, केवळ टायरसाठी जागा मिळते. खरेदीच्या वेळी हा फरक स्पष्टपणे विचारून घेणे आवश्यक आहे.

भाराचा हिशेब

लोखंडी बंपर आणि विंच मिळून पुढील ॲक्सलवर सहज ८० ते १०० किलो वजन वाढू शकते. मागे टपावरील कॅरियर, पाण्याचे व इंधनाचे कॅन आणि हत्यारांची पेटी यांची भर पडते. जो भार कायम वाहनावर राहणार आहे, त्यानुसारच स्प्रिंगांची ताकद ठरवावी. वर्षातून एकदा लडाखला जाण्यासाठी घेतलेल्या कडक स्प्रिंगा उरलेले अकरा महिने प्रवाशांच्या पाठीला त्रास देतात आणि ओल्या रस्त्यावर चाकांची पकडही कमी करतात.

दुष्परिणाम आणि दुरुस्ती

उंची वाढताच सस्पेन्शनचे सर्व कोन बदलतात. अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंगच्या रचनेत पुढील चाकांचा कॅस्टर कोन कमी होतो. परिणामी वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि वेगात वाहन भरकटल्यासारखे वाटते. ॲक्सलला आडवा आधार देणारा पॅनहार्ड रॉड मूळ लांबीचाच राहिल्यास ॲक्सल एका बाजूस सरकतो. प्रॉपेलर शाफ्टचे सांधे तिरपे होऊन कंप जाणवतो. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. या सर्व दुरुस्त्यांचा खर्च लिफ्टच्या किमतीत धरलेला नसेल, तर ती स्वस्त ठरत नाही.

सर्वांत गंभीर परिणाम वाहनाच्या स्थैर्यावर होतो. दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७० सेंटिमीटर असलेले वाहन घेतल्यास, त्याच्या स्थैर्याचे गुणोत्तर १.०७ येते. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटरने वर गेल्यास ते १.०० होते. म्हणजेच वळणावर उलटण्यास विरोध करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटते. स्प्रिंग आणि टायर दबत असल्याने प्रत्यक्षातील मर्यादा याहूनही कमी असते. हा धोका डोंगरकपारीत असतोच. पण तेथे वेग कमी असतो. घरी परतताना महामार्गावर अचानक समोर आलेले जनावर चुकवण्यासाठी स्टिअरिंग झटक्याने फिरवावे लागते, तेव्हा कुटुंबाने भरलेल्या त्याच वाहनात या घटलेल्या क्षमतेची किंमत मोजावी लागते.

कायद्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ निश्चित केलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल, असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ अन्वये, अनुमतीविना केलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विम्याचा दावाही यामुळे अडचणीत येण्याची शक्यता असते. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर चालवल्या जाणाऱ्या वाहनात कोणताही बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून लेखी खुलासा घेणे हिताचे आहे.

निर्णयाचा क्रम

प्रथम वाहन मूळ अवस्थेतच वापरून ते कोठे घासते, याची नोंद ठेवावी. दुसऱ्या पिढीच्या थारची जमिनीपासूनची उंची कारखान्यातूनच २२६ मिलिमीटर, तर जिम्नीची २१० मिलिमीटर आहे. सह्याद्रीतील बहुतेक गाडीवाटांसाठी ती पुरेशी ठरते. वाळूत टायरमधील हवेचा दाब कमी करणे, खडकांत तळाला संरक्षक पत्रे लावणे आणि चिखलात योग्य नक्षीचे टायर वापरणे, या उपायांनी बहुतांश अडचणी उंची न वाढवताही सुटतात.

त्यानंतरही लिफ्ट आवश्यक वाटल्यास आणि कायदेशीर अनुमती असल्यास, गरज भागवणारी कमीत कमी उंची निवडावी. रबरी बुशचे बोल्ट वाहन चाकांवर उभे असतानाच अखेरचे आवळावेत. व्हील अलाइनमेंट, हेडलाइट आणि ब्रेकच्या नळ्या तपासाव्यात. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट, विशेषतः पाट्यांचे यू बोल्ट, पुन्हा आवळून घ्यावेत. बदललेल्या वाहनाचा पहिला सराव मोकळ्या जागेत, कमी वेगात आणि प्रवासी न घेता करावा.